कोशात कुणाला जागा मिळते?



सुगंधदशमीच्या व्रतावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर एका मैत्रिणीनं विचारलं, "ताई, ही कथा मराठीत लिहिणाऱ्या जिनसागराचं नाव तुम्ही सांगितलंत. घरातल्या कोशांत शोधलं, सापडलं नाही. म्हणजे तो तेवढा महत्त्वाचा नव्हता का?" मी तिला दोन ओळींचं उत्तर लिहायला घेतलं, पण ते दोन ओळींत बसेना. कोशात नाव नसणं आणि माणूस मोठा नसणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या निरनिराळ्या कशा झाल्या हे समजायला थोडं मागे जावं लागतं. म्हणून हा लेख.

आपल्याला वाटतं, कोशाचे संपादक टेबलाभोवती बसतात, नावांची यादी समोर घेतात आणि हा घ्या, तो गाळा असं ठरवतात. तसं होतंही. पण ती यादी त्यांच्यापुढे येईपर्यंत बरीचशी निवड होऊन गेलेली असते. कुणाच्या पोथीच्या नकला झाल्या, कुणाची पोथी कसरीनं खाल्ली, कुणाचं वेष्टन सोडून कुणी आत पाहिलं, कुणाचा ग्रंथ छापला गेला, आणि छापल्यावर त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणी चार शब्द लिहिले का, एवढ्या चाळण्यांमधून जे खाली येतं तेच संपादकाला दिसतं. धान्य निवडताना सुपात आलेलंच आपण निवडतो, पोत्यात राहिलं त्याचं काय करणार?

आपल्या परंपरेत ही निवड फार जुनी आहे. पुराणकार ग्रंथाच्या आरंभी पूर्वीच्या आचार्यांचं आणि कवींचं स्मरण करतात. स्वाध्यायात आपण ते श्लोक भराभर म्हणतो, कारण सगळ्यांचं लक्ष पुढच्या कथेकडे असतं. पण थांबून पाहिलं तर ती त्या काळच्या ग्रंथकारांची निवडक यादीच आहे. शके ७०५ म्हणजे इ.स. ७८३ मध्ये जिनसेनांनी हरिवंशपुराण पूर्ण केलं. त्याच्या आरंभी समंतभद्र, सिद्धसेन, देवनंदी, रविषेण अशी नावं एकामागून एक येतात. त्याच्या चारच वर्षं आधी, ७७९ मध्ये, जालोरला उद्योतनसूरींनी कुवलयमाला ही प्राकृत कथा पुरी केली. (याच ग्रंथात बाजारात जमलेल्या निरनिराळ्या देशींच्या व्यापाऱ्यांमध्ये मराठी बोलणाराही भेटतो, म्हणून मराठी भाषेच्या इतिहासात कुवलयमालेचं नाव हमखास येतं.) उद्योतनसूरी श्वेतांबर. तरी त्यांच्या स्मरणात रविषेण आणि जटिल हे दिगंबर आहेत, सातवाहन राजा हाल आहे, व्यास-वाल्मीकी आहेत, बाणभट्ट आहे. पंथ कोणता, धर्म कोणता हे त्यांनी पाहिलेलं नाही. लिहिलेलं चांगलं आहे का, एवढंच पाहिलं. बाराशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आजच्या कुठल्याही संपादक मंडळावर शोभला असता.

यातला जटिल म्हणजे आचार्य जटासिंहनंदी. मैत्रिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्या कथेत आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

जटासिंहनंदींनी वरांगचरित हे संस्कृत काव्य लिहिलं. राजपुत्र वरांगाची कथा, एकतीस सर्ग. नंतरच्या अनेकांनी त्याची आठवण काढली. आदिपुराणात त्यांना जटाचार्य म्हटलं आहे, चामुंडरायानं त्यांचे श्लोक घेतले, कानडी कवींनी त्यांना नमस्कार केला. आणि ग्रंथ? तो कुठेच दिसत नव्हता. हरिवंशपुराणात वरांगचरिताचा उल्लेख आहे, पण कर्त्याचं नाव तिथे घातलेलं नाही, आणि तो उल्लेख नेमका रविषेणांच्या पाठोपाठ येतो. साहजिकच विद्वानांनी असा अर्थ लावला की वरांगचरितही पद्मपुराणकार रविषेणांनीच लिहिलं. त्या काळात कुणी कोश केला असता, तर रविषेणांच्या नोंदीत एक ग्रंथ जास्तीचा गेला असता आणि जटासिंहनंदींच्या वाट्याला काहीच आलं नसतं.

मग कोल्हापुरात राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणाऱ्या डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांना लक्ष्मीसेन मठाच्या भांडारात ताडपत्रावरची प्रत मिळाली. आता गंमत पहा. त्या काव्यात कवीनं स्वतःचं नाव कुठेच सांगितलेलं नाही. सर्गाच्या शेवटीही नाही. म्हणजे नुसती पोथी हाती आली असती तर ती निनावीच राहिली असती, आणि पोथी सापडली नसती तर नाव नुसतं नावच राहिलं असतं. उपाध्यांनी एका बाजूला पोथी ठेवली, दुसऱ्या बाजूला कुवलयमालेपासून कानडी काव्यांपर्यंतचे सगळे उल्लेख ठेवले, आणि दोन्ही जुळवून कर्ता ठरवला. १९३८ साली माणिकचंद्र ग्रंथमालेतून मुंबईला वरांगचरित छापून निघालं. कर्नाटकात कोप्पळच्या टेकडीवर एका खडकावर पावलं कोरलेली आहेत आणि शेजारी जटासिंहनंदी आचार्यांचं नाव आहे. ती पावलं शेकडो वर्षं तिथेच होती. ज्यांचं काव्य हाती नाही, त्यांच्या पावलांकडे कोण बघणार?

आता मराठी कोशांचं बघू. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला तो १९२०च्या दशकात. कंपनी काढून, भाग विकून, गावोगाव वर्गणीदार मिळवून २३ खंड! पहिले पाच तर नुसते प्रस्तावनाखंड. त्या माणसाच्या जिद्दीला मी मनापासून हात जोडते. पुढे सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचे तीन चरित्रकोश आले, प्राचीन १९३२ मध्ये, मध्ययुगीन १९३७ मध्ये आणि अर्वाचीन १९४६ मध्ये. त्यानंतर वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश, पहिला खंड १९७६.

या तारखांच्या शेजारी दुसऱ्या काही तारखा ठेवून पाहा. वरांगचरित छापलं १९३८ मध्ये. मूडबिद्रीला बंद असलेल्या षट्खंडागमाच्या धवला टीकेचा पहिला भाग अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी काढला तो १९३९ मध्ये. जैन ग्रंथांची अकारविल्हे यादी असलेला जिनरत्नकोश पुण्याच्या भांडारकर संस्थेनं छापला १९४४ मध्ये. भट्टारकांच्या लेखांचा आणि प्रशस्तींचा डॉ. विद्याधर जोहरापूरकरांचा मोठा संग्रह सोलापूरच्या जीवराज ग्रंथमालेतून आला १९५८ मध्ये. प्राचीन मराठी जैन साहित्यावर डॉ. सुभाषचंद्र अक्कोळे यांचा प्रबंध त्यानंतरचा. म्हणजे केतकर आणि चित्राव कामाला बसले तेव्हा या ग्रंथांपैकी एकही त्यांच्या कपाटात नव्हता. त्यांच्या कोशांत आपले जुने मराठी कवी शोधून सापडले नाहीत तर त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. "त्यांनी आपल्याला मुद्दाम वगळलं" असं आपल्या सभांमधून अधूनमधून ऐकू येतं. मला ते पटत नाही. जे आपणच वेष्टनात बांधून ठेवलं होतं ते दुसऱ्यानं कसं वाचायचं? मूडबिद्रीचे सिद्धांतग्रंथ तर दर्शनाला ठेवले जात, वाचायला नाही. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे सेठ माणिकचंद यांनी त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खटपट सुरू केली, आणि छापील पहिला भाग हाती यायला १९३९ उजाडलं.

जिनरत्नकोश करणारे हरि दामोदर वेलणकर जैन नव्हते. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवत. हजारो नावं, कुठल्या भांडारात प्रत आहे, कुणी टीका लिहिली, सगळं ओळीनं लावलेलं. जैन साहित्यावर काम करणारा माणूस आजही आधी तो ग्रंथ उघडतो. आपल्या घरातले नसून त्यांनी हे केलं, आणि आपल्या घरात किती जणींनी हे नाव ऐकलंय?

विदर्भातल्या कारंजाचंही असंच. तिथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तिन्ही परंपरांची मंदिरं आणि भांडारं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची रायबहादूर हिरालाल यांनी केलेली यादी १९२६ साली छापली गेली, तीत कारंजाच्या पोथ्या आल्या. (हे हिरालाल वेगळे आणि धवलावाले डॉ. हिरालाल जैन वेगळे. कोशवाल्यांची डोकेदुखी कशी असते ती इथेच बघा.) त्यानंतर दहाव्या शतकातला अपभ्रंश महाकवी पुष्पदंत एकेक ग्रंथानं लोकांसमोर आला. जसहरचरिउ १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्यांनी संपादित केलं, णायकुमारचरिउ १९३३ मध्ये हिरालाल जैनांनी, आणि मग त्याचं प्रचंड महापुराणही वैद्यांनीच. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात बसून लिहिणारा एवढा मोठा कवी, पण आधी त्याला कारंजाच्या यादीत एक ओळ मिळावी लागली.

पुष्पदंत म्हटलं की आणखी एक अडचण. षट्खंडागमाचे आचार्य पुष्पदंत वेगळे, हा कवी वेगळा, आणि शिवमहिम्न स्तोत्राचा कर्ता म्हणून ज्याचं नाव सांगतात तो पुष्पदंत आणखी तिसरा. जिनसेनही दोन. हरिवंशपुराणाचे एक, आणि आदिपुराण लिहिणारे, वीरसेनांचे शिष्य, दुसरे. दोघे जवळजवळ एकाच काळातले, दोघेही पुराणकार. नाव एक आहे म्हणून दोन माणसं एका लेखात कोंबली, तर लेख नसलेलाच बरा. चुकीची नोंद एकदा छापली गेली की पुढचे दहा जण तीच उतरवतात.

उलटंही होतं. मराठी जैन साहित्याच्या अगदी आरंभी, पंधराव्या शतकात, गुणदास हे नाव येतं आणि गुणकीर्ती हेही येतं. अभ्यासकांनी सगळं तपासून असं मानलं की हे एकच, दीक्षेच्या आधी गुणदास आणि नंतर गुणकीर्ती. मग लेख एक की दोन? एकच हवा, आणि दुसऱ्या नावापुढे "पाहा" एवढंच. त्यांचं धर्मामृत गद्यात आहे. मराठी गद्य म्हटलं की आपल्याला महानुभावांचं लीळाचरित्र आठवतं, मग थेट बखरी. मधल्या काळातलं एका जैन मुनींचं गद्य पुस्तक आपल्याकडे आहे, जोहरापूरकरांनी ते १९६० मध्ये छापून दिलं, आणि शाळेत-कॉलेजात मराठी शिकलेल्या आपल्या मुलींना त्याचा पत्ता नसतो. धर्मामृताला स्वतंत्र लेख मिळायलाच हवा असं माझं मत आहे, आणि ते आपलं आहे म्हणून नव्हे. त्या काळातलं मराठी गद्य मुळात थोडं उरलंय म्हणून. ज्याला जैन धर्माशी काही कर्तव्य नाही, पण मराठी भाषेशी आहे, त्यालाही ते लागेल.

हाच माझा पहिला निकष. ग्रंथ आपल्या घराबाहेरच्या कुणाला लागतो का?

दुसरा निकष परंपरेनंच दिलेला आहे. त्या ग्रंथाला दुसऱ्या कुणाचा हात लागला का? तत्त्वार्थसूत्रावर पूज्यपादांनी लिहिलं, मग अकलंकांनी, मग विद्यानंदांनी. एवढ्या मोठ्या माणसांनी पुन्हा पुन्हा हाती घेतलेल्या ग्रंथाबद्दल वाद कसला? आणि हा निकष ग्रंथ हरवला तरी चालतो. अपभ्रंशात चतुर्मुख नावाचा कवी होऊन गेला. त्याचं एकही काव्य आज उरलेलं नाही. पण स्वयंभू त्याला मानतो, पुष्पदंत त्याला मानतो. असे दोन महाकवी साक्षीला असताना चतुर्मुखाला कोशात जागा नाही म्हणणं मला तरी धाडसाचं वाटेल. ज्याचा शब्दही हाती नाही त्याला जागा, आणि ज्याची शंभर पानांची रंगीत पुस्तकं मांडवात फुकट वाटली जातात त्याला नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं.

त्या रंगीत पुस्तकांबद्दल बोलायला हवं, कारण खरी भांडणं तिथेच होतात. पंचकल्याणकात, चातुर्मासाच्या सांगतेला, कुणाच्या पंचाहत्तरीला आपण अभिनंदनग्रंथ, गौरवग्रंथ, जीवनपरिचय काढतो. आधी देणगीदारांचे फोटो, मग शुभेच्छासंदेश, मग लेख. आमच्या ओळखीतल्या एका घरानं आपल्या आजोबांच्या भजनांची वही छापली आणि त्यांचं नाव कोशात घालावं म्हणून दोन वर्षं पत्रं लिहिली. उत्तर आलं की त्यांच्याबद्दल इतरांनी लिहिलेलं काही असल्यास पाठवा. घरचे दुखावले. आजोबा खरोखर चांगले होते, भजनंही गोड आहेत, मी स्वतः म्हणते. पण उत्तर बरोबर होतं. कोश म्हणजे सन्मानचिन्ह नाही. तिथे माणूस चांगला होता का हे विचारत नाहीत, त्याच्या लेखनाबद्दल खात्रीनं काय सांगता येईल ते विचारतात, आणि ते फक्त घरच्यांच्या तोंडून आलेलं असून भागत नाही. मराठी विकिपीडियावरही नियम असाच आहे: विश्वसनीय, प्रकाशित आणि त्या माणसाशी संबंध नसलेल्याचा संदर्भ हवा.

इथे आपले लोक एक प्रश्न विचारतात आणि तो योग्य आहे. आपल्या जुन्या मराठी कवींवर लिहिलंय कुणी? जोहरापूरकर, अक्कोळे, म्हणजे जैनांनीच. छापलं कुणी? जीवराज ग्रंथमालेनं, म्हणजे जैनांच्याच पैशानं. मग हे घरचंच धरायचं का? मला वाटतं, आडनाव पाहून हे ठरत नाही. त्यांनी एका पोथीवर विसंबून लिहिलं की चार पोथ्या ताडून, शक सांगितला तो कशावरून, जिथे शंका होती तिथे ती कबूल केली का, हे पाहावं. उपाध्यांनी वरांगचरित जटासिंहनंदींना दिलं ते भक्तीनं दिलं नाही. पुराव्यानं ते रविषेणांकडे गेलं असतं तर त्यांनी रविषेणांना दिलं असतं. दोघेही आपलेच आचार्य, दोघांनाही आपण वंदन करतो! गौरवग्रंथ आणि असा संपादित ग्रंथ यांना एका पारड्यात टाकणारा संपादक चुकतो, आणि दोन्ही एकच म्हणून पुढे करणारे आपणही चुकतो.

कधी कधी ग्रंथ मोठा असतो आणि कर्ता जवळजवळ अदृश्य. भक्तामर स्तोत्र बघा ना. आपल्यातल्या किती जणींच्या दिवसाची सुरुवात त्यानं होते. श्वेतांबर चव्वेचाळीस श्लोक म्हणतात, दिगंबर अठ्ठेचाळीस, आणि या चार श्लोकांवर विद्वानांनी केवढं लिहिलंय. त्याच्या टीका, पद्यानुवाद, यंत्रं, सचित्र पोथ्या. पण मानतुंगाचार्यांबद्दल इतिहास म्हणून हाती काय आहे? बेड्या आणि कुलुपं तुटल्याची कथा आहे, पण ती कुणी भोजराजाच्या दरबारात नेऊन ठेवतं तर कुणी हर्षाच्या. या दोन राजांमध्ये चारशे वर्षांचं अंतर आहे. अशा वेळी स्तोत्रावर भरघोस लेख आणि आचार्यांवर छोटी नोंद, कथेला कथा म्हणून सांगणारी, हेच न्यायाचं. आचार्यांचा त्यात अपमान नाही.

आणि आता जिनसागर. अठराव्या शतकातला, कारंजाच्या भट्टारकांच्या परंपरेतला. त्याच्या काळच्या मराठी जैन लेखकांनी पुराणं लिहिली तशी कितीतरी लहान लहान व्रतकथा, आरत्या, पदं लिहिली. रविवारची कथा, अनंतव्रताची कथा, सुगंधदशमीची कथा. ही बायकांसाठी लिहिलेली पुस्तकं. व्रत घेतलं की कथा ऐकायची, उद्यापन केलं की पोथीची नकल करवून मंदिराला द्यायची. म्हणून या कथांच्या प्रती गावोगाव सापडतात, आणि म्हणूनच त्यांना कुणी साहित्य म्हणायला तयार नसतं. यादी करणारा मोठ्या पुराणाला क्रमांक देतो, नाव देतो, पानं मोजतो. कथा-आरत्यांचा गठ्ठा आला की त्यावर एकच शब्द लिहितो: फुटकळ. एकदा फुटकळ लिहिलं की पुढच्या शंभर वर्षांत तो गठ्ठा कुणी सोडत नाही. कोणत्याही संपादकाच्या टेबलावर तो पोहोचत नाही.

सुगंधदशमीच्या कथेचं नशीब चांगलं. डॉ. हिरालाल जैन यांनी ती १९६६ साली भारतीय ज्ञानपीठाकडून पाच भाषांत एकत्र छापली: अपभ्रंश, संस्कृत, गुजराती, मराठी आणि हिंदी. मराठी जिनसागराची. कथा तुम्हाला माहीत आहे. राणीनं मुनींना कडू भोपळ्याचा आहार दिला, त्या पापानं जन्मोजन्मी दुर्गंध भोगला, आणि भाद्रपद शुद्ध दशमीच्या व्रतानं ती सुटली. पुढच्या जन्मातला भाग वाचताना सिंड्रेला आठवल्याशिवाय राहत नाही. सावत्र आई आहे, तिची लाडकी मुलगी आहे, लपून लग्न करणारा राजा आहे, आणि शेवटी ओळख पटते ती पायांवरूनच. फक्त तिकडे राजपुत्र मुलीला बुटावरून ओळखतो, इकडे डोळे बांधलेली तिलकमती पाय धुता धुता नवऱ्याला ओळखते. कडू भोपळ्याचा आहार तर त्याहून जुना, श्वेतांबर आगमांतल्या ज्ञाताधर्मकथेत द्रौपदीच्या पूर्वजन्मात नागश्री हेच करते. एक कथा पाच भाषांमधून, दोन्ही पंथांमधून, कित्येक शतकं चालत आली. हिला स्वतंत्र लेख नको तर कशाला हवा?

जिनसागरावर मात्र दोन पानी लेख असावा असं मी म्हणणार नाही. त्याच्याबद्दल ठाम माहिती थोडी आहे. पाच-सहा ओळींची नोंद पुरेशी: काळ, परंपरा, ग्रंथांची नावं, कुठले छापले गेले, आणि सुगंधदशमी कथेकडे बोट. महतिसागरांसारख्या, ज्यांच्या आरत्या आजही म्हटल्या जातात आणि ज्यांची समाधी दहिगावला आहे, त्यांना जरा मोठी. ज्यांचं फक्त एका आरतीच्या शेवटी नाव आहे त्यांना वेगळी नोंद नको, "मराठी जैन व्रतकथा आणि आरत्या" अशा एका लेखात त्यांची नावं यावीत. छापील कोशाला पानांची मर्यादा असते. जी माहिती आहे तेवढ्याच ओळी लिहिणं मला फुगवलेल्या लेखापेक्षा प्रामाणिक वाटतं.

एका बाईचं नाव सांगायचं राहिलं. दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे नावाची श्राविका होऊन गेली. तिनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या अशी ख्याती आहे. ताडपत्रावर, हातानं, हजार! रन्नाला आश्रय देणारीही तीच. तिनं स्वतः काव्य लिहिलं नाही. तरी कन्नड साहित्याचा इतिहास तिला वगळून लिहिता येत नाही. आपल्याकडच्या मराठी पोथ्यांच्या शेवटच्या पानांवर अशा लहान लहान अत्तिमब्बे आहेत. अमक्या गावी, अमक्या शकात, अमक्या बाईनं ज्ञानावरणीय कर्माच्या क्षयासाठी ही पोथी लिहवली. जोहरापूरकरांनी भट्टारकांचा इतिहास उभा केला तो मोठ्या प्रमाणात अशाच शेवटच्या ओळींवरून.

श्रुतपंचमीला, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, आपण पोथ्या बाहेर काढतो, झटकतो, नवी वेष्टनं शिवतो. हे काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. यंदा वेष्टन बांधायच्या आधी एक वही जवळ ठेवा. पोथीचं नाव, कर्ता, नकल करणाऱ्याचं नाव, गाव, शक किंवा संवत, करवून घेणाऱ्याचं नाव आणि पानांची संख्या एवढं उतरवून घ्या. लिपी लागत नसेल तर पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा, वाचणारं कुणीतरी भेटतं. जुन्या हिशोबात संवत आणि शक यांची गल्लत होते, तेव्हा जे लिहिलंय तेच उतरवा, मनानं इसवी सन करू नका. पान सुटं झालं असेल तर त्याला दोरा किंवा चिकटपट्टी लावू नका, तसंच कागदात ठेवा. आणि ज्या गठ्ठ्यावर फुटकळ असं लिहिलं असेल, तो आधी सोडा.